नागझिऱ्यावरचं विमान आणि टेबलावरचं विमान

दोस्तांनो, भर मे महिन्यात नागझिऱ्याच्या जंगलात जाणं म्हणजे आपल्या पायांनी भट्टीत शिरणं, असं आमच्या ताईचं ठाम मत. पण तळ्यावर येणारी जनावरं बघायची तर मे महिन्यासारखा महिना नाही! म्हणून ताईला कसंबसं पटवलं आणि मी, ताई आणि आमचे आठवीतले भाचेबुवा असे तिघं नागपूरहून निघून पिटेझरीच्या फाटकातून आत शिरलो.

तळ्याकाठी जिप्सी थांबली. पानगळीनं झाडं उघडीबोडकी झालेली. चितळांचा कळप बिचकत बिचकत पाण्याशी येत होता. वर आभाळात एक सर्पगरुड पंखही न हलवता घिरट्या घालत होता. गाइडनं ओठांवर बोट ठेवलं. सगळे चिडीचूप! आणि तेवढ्यात कुठूनशी बारीक घरघर ऐकू आली.

ताईनं माझा दंड घट्ट धरला. "वाघ?"

"नाही जी," गाइड हसला. "बिरसीचं विमान होय. दिसते इकडे कधीमधी."

खूप उंचावरून एक पांढरं, चिमुकलं विमान चाललं होतं. लांबलचक सडपातळ पंख, पुढं एकच पंखा आणि इंग्रजी 'टी' अक्षरासारखी शेपटी. झालं! भाचेबुवांनी चितळांकडे पाठ फिरवली. "मामा, डीए-४०! हे विमान मी घरी चालवतो!"

घरी म्हणजे कॉम्प्युटरवर, बरं का! नाहीतर तुम्ही म्हणाल, नागपुरात गच्चीवर विमानं उभी असतात की काय.

आता हे बिरसी म्हणजे काय, ते आधी सांगतो. गोंदिया शहराजवळ बिरसी नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथं विमानांसाठी धावपट्टी बांधली. पुढे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडातली सीएई ही कंपनी यांनी मिळून तिथं वैमानिक घडवणारी संस्था उभी केली. तिचं नाव नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट. शिकाऊ वैमानिकांसाठी संस्थेनं डायमंड कंपनीची छोटी विमानं आणली. एका इंजिनाचं ते डीए-४० आणि दोन इंजिनांचं ते डीए-४२. आणि गंमत अशी, की ही सीएई कंपनी जगभर प्रसिद्ध आहे ती खोट्या विमानांसाठी, म्हणजेच सिम्युलेटरसाठी! जमिनीवरच उभं राहून उडण्याचा हुबेहूब अनुभव देणारं यंत्र म्हणजे सिम्युलेटर.

घरी आल्यावर भाचेबुवांनी मला खुर्चीत बसवलं आणि आपलं विमान दाखवलं. सिम्युलेटरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये काही विमानं आयतीच मिळतात. त्यात नसलेलं विमान हवं असेल, तर ते वेगळं आणून जोडायचं. त्याला म्हणतात 'ॲड-ऑन'. आपण त्याला 'जोडविमान' म्हणू या का? भाचेबुवांनी वाढदिवसाचे पैसे साठवून हे जोडविमान विकत घेतलं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'शंभर टक्के खरं!'

"शंभर टक्के?" मी विचारलं.

"बघ ना मामा! काचेवर धूळसुद्धा दिसते!"

धूळ खरोखरच दिसत होती. पण दोस्तांनो, काचेवरची धूळ खरी असली म्हणून विमान खरं ठरतं का? चला, जरा मुळापासून बघू.

१९२९ सालची गोष्ट. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण राहत होता. त्याच्या वडिलांचा वाद्यं बनवायचा कारखाना होता. आपल्या पेटीला भाता असतो ना, तशाच भात्यांवर त्यांचे मोठाले ऑर्गन वाजायचे. विमान चालवायला शिकायचं, तर शिकवणी फार महाग. मग या पठ्ठ्यानं कारखान्यातलेच भाते आणि हवेचे पंप घेऊन एक लाकडी खोकं बनवलं. आत बसून दांडा ओढला, की भात्यांत हवा भरायची, सुटायची आणि खोकं डावी-उजवीकडे, पुढे-मागे कलायचं. पंख चिमुकले, उडणं शून्य! लोकांना ते जत्रेतलं खेळणं वाटलं.

पुढे १९३४ साली अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल पोचवायचं काम पडलं. हिवाळ्याचे दिवस, धुकं, बर्फ, रात्रीचा काळोख. अशा हवेत काचेबाहेर काही दिसत नसताना फक्त घड्याळांकडे बघून उडायचा सराव त्यांना नव्हता. काही आठवड्यांतच अनेक तरुण वैमानिक मृत्यू पावले. तेव्हा सैन्यानं लिंककडून ती सहा 'खेळणी' विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर लाखो वैमानिक याच खोक्यांत बसून शिकले.

म्हणजे बघा, सिम्युलेटर जन्माला आला तो पैसे वाचवायला, आणि मोठा झाला तो माणसं वाचवायला. जी चूक आकाशात जिवावर बेतते, ती जमिनीवर करून बघायची आणि त्यातून शिकायचं. पण त्यासाठी एक अट आहे. खऱ्या विमानात ज्या चुकीची शिक्षा मिळते, त्या चुकीची शिक्षा खोट्या विमानातही मिळालीच पाहिजे.

१९८२ साली ब्रूस आर्टविक यांनी तयार केलेला फ्लाइट सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टनं घरच्या कॉम्प्युटरसाठी विकायला आणला. तेव्हा पडद्यावर जमीन म्हणजे चार रेघा आणि विमान म्हणजे आणखी चार! २०२० साली आलेल्या त्याच नावाच्या नव्या आवृत्तीत उपग्रहांच्या छायाचित्रांवरून सगळी पृथ्वी उभी केली आहे. शिवाय फ्लाइटगिअर नावाचा एक सिम्युलेटर आहे. जगभरातले हौशी स्वयंसेवक मिळून तो बनवतात आणि तो चक्क फुकट मिळतो! आई-बाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठी. जोडविमानावर पैसे टाकण्याआधी इथं हात बसवून बघायला काहीच हरकत नाही.

तर आता भाचेबुवांच्या जोडविमानाची परीक्षा! कुठल्याही जोडविमानाचे ढोबळ तीन भाग असतात. पहिला रूप, म्हणजे आकार आणि रंग. दुसरा समोरचा फलक, म्हणजे घड्याळं, बटणं, पडदे. आणि तिसरा स्वभाव. स्वभाव म्हणजे विमानाचं वजन, इंजिनाची ताकद, पंखांचा गुण, चाकांची ठेवण. हे सगळं आकड्यांच्या रूपात फायलींमध्ये लिहिलेलं असतं. रूप डोळ्यांना दिसतं, स्वभाव उडवल्याशिवाय कळत नाही. माणसांचंही असंच असतं, नाही का?

परीक्षा पहिली : पुढचं चाक. डीए-४० जमिनीवर वळतं कसं, ठाऊक आहे? त्याचं पुढचं चाक पायांनी वळवता येत नाही. ते मोकळं फिरतं, ऑफिसातल्या खुर्चीच्या चाकासारखं. हळू चालताना डावीकडे वळायचं असेल तर डाव्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबायचा. वेग वाढला, की मग शेपटीवरचं सुकाणू काम करू लागतं. भाचेबुवांचं विमान मात्र ब्रेकला हातही न लावता झोकात वळत होतं, अगदी रिक्षासारखं! पहिला गुण गेला.

परीक्षा दुसरी : दांडे. डीए-४० सगळी सारखी नसतात. काहींना पेट्रोलसारख्या इंधनावर चालणारं इंजिन असतं आणि त्याला तीन दांडे असतात. एक ताकदीचा, एक पंख्याचा, एक हवा-इंधनाच्या मिश्रणाचा. काहींना डिझेल जातीचं इंजिन असतं, जे जेट विमानांच्या इंधनावर चालतं. त्याला फक्त एकच दांडा. बाकीचं काम आतला कॉम्प्युटर बघतो. डीए-४० एनजी या प्रकाराचं इंजिन तर मर्सिडीज मोटारीच्या डिझेल इंजिनावरून घडवलंय! भाचेबुवांच्या विमानात दांडा एकच होता. आवाजही डिझेलचाच होता. इथं पैकीच्या पैकी!

परीक्षा तिसरी : ऊन. ही माझी आवडती परीक्षा. नागझिऱ्यात आपण घामानं निथळत होतो, तेव्हा त्या उन्हाचा विमानावर काय परिणाम होत असेल? हवा तापली की पसरते, विरळ होते. विरळ हवेत पंखांना पुरेसा आधार मिळायला जास्त वेग लागतो. पंख्याच्या पात्यांना हवा कमी सापडते. इंजिनालाही श्वास कमी पडतो. काही इंजिनांना टर्बो असतो, त्यांची ताकद तितकी घटत नाही. पण पंखांना थोडाच टर्बो असतो!

वैमानिक याचा एक सोपा हिशेब करतात. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरायचं. दर हजार फुटांना ते २ अंशांनी कमी करायचं. प्रत्यक्षात त्याहून जितके अंश जास्त, त्या प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट उंची वाढवायची. बिरसी समुद्रसपाटीपासून सुमारे १००० फूट उंच. तिथलं प्रमाण तापमान १३ अंश. मे महिन्यातल्या दुपारी पारा ४५ वर. फरक ३२ अंश. ३२ गुणिले १२० म्हणजे ३८४० फूट. त्यात मूळचे १००० मिळवा. झाले ४८४० फूट!

महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे. म्हणजे आपण बिरसीच्या धावपट्टीवर घाम पुसत उभे असतो, पण विमानाला वाटतं, आपण महाबळेश्वराच्याही वर आहोत! तेच विमान थंडीतल्या १३ अंशांच्या पहाटे आपल्या खऱ्या उंचीवर असतं, खुशाल उडतं.

सिम्युलेटरच्या हवामानाच्या पानावर तापमान बदलता येतं. आम्ही आधी १३ लिहिलं, उड्डाण केलं, धावपट्टीवर किती अंतर लागलं ते टिपलं. मग ४५ लिहिलं. शाब्बास! विमान जास्त धावलं आणि वर चढतानाही कुरकुरलं. तिसरा गुण पदरात पडला. मी म्हटलं, "विमान तुझं स्वभावानं बरं आहे हो. चाकाचं तेवढं बघू."

पण खरी गोष्ट तर पुढेच घडली.

संध्याकाळी भाचेबुवांचा एक मित्र आला. दोघांची पैज लागली. बिरसीची धावपट्टी, ४५ अंश ऊन, विमानात चार मोठी माणसं, टाकी काठोकाठ. आणि धावपट्टीचा पहिला पाव भाग संपायच्या आत विमान उचलायचं! भाचेबुवांनी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा खुणेपर्यंत चाकं जमिनीलाच चिकटलेली. मित्र खदाखदा हसू लागला. मग भाचेबुवा म्हणाले, "पाच मिनिटं थांब." त्यांनी विमानाची ती स्वभावाची फाइल उघडली, इंजिनाच्या ताकदीचा आकडा शोधला आणि तो चौपट करून टाकला.

चौथ्या वेळी विमान असं सुटलं, की बस्स!

मला वाटलं, मित्र आता टाळ्या पिटणार. पण तो म्हणाला, "हे डीए-४० कुठंय? हा तर दिवाळीतला बाण आहे."

भाचेबुवांचं तोंड एवढंसं झालं. मित्र गेल्यावर मला म्हणाले, "मामा, फाइल बदलता येते म्हणून तर बदलली. त्यात चूक काय?"

मी म्हटलं, चूक काहीच नाही. फाइल उघडून बघणं, आकडे बदलणं, त्यानं काय होतं ते पाहणं यासारखी शाळा नाही. ताकद चौपट केली तर काय होईल, हाही झकास प्रयोग आहे. फक्त त्याला प्रयोग म्हणायचं आणि विमानाला नवं नाव द्यायचं. पण अडचण आली म्हणून गुपचूप आकडा बदलायचा आणि वर 'डीए-४० नं जमवलं' म्हणायचं, ही मात्र स्वतःचीच फसवणूक. बिरसीच्या धावपट्टीवर अठरा-वीस वर्षांची एखादी शिकाऊ वैमानिक बसलेली असते ना, तिच्यापुढेही हीच अडचण येते. ऊन तेच, वजन तेच. पण तिच्याकडे बदलायला फाइल नसते. मग ती काय करते? उड्डाणाआधी कागदावर हिशेब मांडते. माणसं किती, सामान किती, इंधन किती. आणि डीए-४० मध्ये चार धिप्पाड माणसं आणि भरलेली टाकी म्हटलं, की वजन बहुतेक वेळा मर्यादेबाहेरच जातं! मग एक माणूस खाली उतरवायचा, नाहीतर इंधन कमी घ्यायचं, नाहीतर पहाटेच्या गारव्याची वाट बघायची.

फाइल बदलायची, की ओझं उतरवायचं? दोस्तांनो, खेळ आणि शिकणं यांतला फरक तो एवढाच.

भाचेबुवा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी मूळ फाइल परत आणली. (काहीही बदलण्याआधी तिची एक प्रत वेगळी ठेवली होती, हे मात्र शहाणपणाचं केलं. तुम्हीही तसंच करा. नाहीतर बिघडलेलं विमान आणि रडवेला चेहरा असं दोन्ही घेऊन मामाकडे यावं लागेल.) मग ते म्हणाले, "ताई आजी होईल तेव्हा तिला फिरवीन. आत्ता तिला आणि तुला खाली उतरवतो." टाकी निम्मी केली, घड्याळ पहाटे साडेसहावर आणलं. पहिल्याच झटक्यात पैज जिंकली. पण बघायला मित्र नव्हता! तरी स्वारी खूश होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढचं चाक दुरुस्त करायला बसलो. फायलीत चाक किती वळतं याचा आकडा असतो, तो शोधून ते मोकळं सोडलं. आता विमान वळवायला ब्रेक लागू लागला आणि पहिल्याच वळणावर आम्ही गवतात गेलो. पण ते जाणं खरं होतं! मग रंगकाम. जोडविमानाचा रंग म्हणजे एक सपाट चित्रच असतं. एखादी गोधडी उसवून पसरावी तसे पंख, पोट, शेपटी त्या चित्रात सुटे सुटे पसरलेले असतात. त्यावर रंगवलं, की ते विमानाला लपेटलं जातं. भारतातल्या विमानांच्या नोंदणीची अक्षरं 'व्हीटी'नं सुरू होतात. भाचेबुवांनी ती शेपटीजवळ काढली, आणि दारावर एक चिमुकला सर्पगरुड. रंगानं स्वभाव बदलत नाही, तेव्हा इथं हवी तेवढी मौज करा.

मग आम्ही बिरसीहून नागझिऱ्याला निघालो. नकाशावर पट्टी ठेवली, तर नैर्ऋत्येला सरळ रेषेत ४५ किलोमीटरच्या आसपास. ताशी २२० किलोमीटर वेगानं बारा मिनिटांचा प्रवास. टेकड्या बरोबर आल्या. का, ते सांगतो. २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर या अंतराळयानानं अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारनं जमिनीचे उंचसखल भाग मोजले. ती मापं सगळ्यांसाठी खुली झाली आणि सिम्युलेटरवाल्यांनी ती वापरली. तळंही जागच्या जागी चमकलं. पण जंगल?

"मामा, हे तर हिरवंगार आहे! आपण गेलो तेव्हा एकाही ऐनाला पान नव्हतं."

वा! ही चौथी परीक्षा भाचेबुवांनी स्वतःच घेतली. सिम्युलेटरच्या दृष्टीनं झाड म्हणजे हिरवा ठिपका. मार्चमध्ये पेटणारा पळस, वैशाखात बोडका झालेला ऐन, पावसाळ्यात उजळणारा बांबू, हे त्याला कोण सांगणार? जो स्वतः पाहून आला आहे तोच! व्यंकटेश माडगूळकर जंगलात जाऊन राहिले, डोळे उघडे ठेवून बसले, टिपणं केली, म्हणून तर त्यांच्या 'नागझिरा' पुस्तकातलं जंगल खरं वाटतं. खोटं विमान खरं करायचं काय, किंवा पुस्तकात जंगल उभं करायचं काय, रीत एकच. आधी खऱ्याकडे नीट बघा.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. घरच्या कॉम्प्युटरवर उडवलेले तास वैमानिकाच्या नोंदवहीत धरले जात नाहीत. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास वेगळेच. शिवाय घरच्या खुर्चीत पोटात गोळा येत नाही, उन्हात तापलेल्या हवेचे हिसके बसत नाहीत आणि चूक झाली तर 'पॉज' दाबता येतो. तेव्हा मूल तास न् तास पडद्यापुढे बसतं म्हणून 'आमचा पायलट' असं लगेच म्हणू नका. पण ते वही घेऊन हिशेब करतंय, खिडकीबाहेर बघून ताळा करतंय असं दिसलं, तर मात्र शेजारी स्टूल घेऊन बसा. त्या विमानात एक जागा रिकामी असते!

या आठवड्याचा गृहपाठ : आपलं गाव समुद्रसपाटीपासून किती फूट उंच आहे ते शोधा. आजचं दुपारचं तापमान पेपरात बघा. वरचा हिशेब करा आणि तुमच्या गावच्या विमानाला आज किती उंच असल्यासारखं वाटेल, ते काढा. कुणाचं गाव महाबळेश्वराला मागे टाकतंय, बघू या!

भाचेबुवांच्या वहीत सध्या एकच ओळ लिहिलेली आहे : 'दिवाळीनंतर नागझिरा. झाडांना पानं किती, ते बघणे.'

तुमचा,
कॉम्प्युटरमामा